व्हायवाच्या अकरा वह्या

मॅडमनी माझं पहिलं जर्नल फाडलं, ते अक्षर सुंदर होतं म्हणून.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं जर्नल होतं. मजकूर निळ्या शाईत, मथळे काळ्या शाईत, आकृत्या टोक काढलेल्या पेन्सिलीनं. चांदूर रेल्वेच्या शाळेत माझ्या अक्षराला दरवर्षी बक्षीस मिळायचं आणि ते अक्षर घेऊनच मी अमरावतीला आले होते. मॅडमनी चार पानं उलटली आणि विचारलं, स्क्रूगेजची मूठ कोणत्या बाजूला फिरवली की स्क्रू पुढे सरकतो. मला सांगता आलं नाही. आमच्या गटात तीन मुलं होती. उपकरण त्यांच्या हातात असायचं, ते आकडे सांगायचे आणि मी लिहायचे. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे, असं ठरूनच गेलं होतं. कोणी ठरवलं ते आठवत नाही.

“इतकं साफ जर्नल म्हंजे तू उपकरनाले हात लावला नाई याचा पुरावा आहे,” मॅडम म्हणाल्या आणि पानं उभी फाडली.

मी रडले. त्यांनी मला पोटभर रडू दिलं आणि स्क्रूगेज माझ्यासमोर सरकवून दुसऱ्या टेबलाकडे निघून गेल्या. त्या दिवशी मला त्यांचा राग आला. पुढे तीन वर्षांनी आला तो राग वेगळा. पहिला कधीच विरून गेला. दुसरा अजून आहे, आणि हे मी त्याच रागात लिहिते आहे हे आधीच सांगून टाकते.

मॅडम तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. उंच, काटक, सुती साडी आणि पायात मुलांचे असतात तसे पांढरे बूट. पर्समध्ये कंगवा-आरसा असेल-नसेल, टेस्टर मात्र हमखास असायचा. कोणाकडे हळदीकुंकवाला गेल्या तरी आधी भिंतीवरचा बोर्ड बघायच्या, आणि एखादं बटण ढिलं दिसलं की वाण घ्यायच्या आधी ते घट्ट करायच्या. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. स्टाफरूममधले सर लोक त्यांना मागून ‘चारशे चाळीस व्होल्ट’ म्हणायचे. मॅडमना ते माहीत होतं. एकदा त्यांनी त्यातल्या एका सरांना सगळ्यांसमोर विचारलं, की चारशे चाळीस व्होल्ट कोणत्या दोन तारांमध्ये मिळतात. सरांना सांगता आलं नाही. ते मराठीचे होते, पण मॅडमच्या लेखी ती काही सबब नव्हती.

वर्गात शिकवताना त्या पुस्तकातली मराठी बोलायच्या. प्रयोगशाळेत शिरल्या की दर्यापूरकडची बोली सुरू. “काय करून राहिली तू? थ्या नळीले पाहून राहिली का थे तुले पाहून राहिली?” तीन वर्षांत त्यांनी कोणाला शाबास म्हटलेलं मी ऐकलं नाही. रीडिंग बरोबर आलं की “मंग?” म्हणायच्या. या ‘मंग’ची आम्हाला इतकी सवय झाली होती की हॉस्टेलवर पोळ्या गोल झाल्या तरी आम्ही एकमेकींना ‘मंग?’ म्हणायचो.

मुलींनी उपकरणाला हात लावलाच पाहिजे, हे त्यांचं वेड होतं. आमच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी सुतळीचं एक बंडल आणलं आणि प्रत्येक गटातल्या मुलांना हात मागे बांधून उभं राहायला लावलं. तोंडानं सांगायचं तेवढं सांगा, हात फक्त पोरींचे चालतील. पहिल्या तासाला मीटर ब्रिजची एक तार तुटली आणि एका गॅल्व्हानोमीटरचा काटा कायमचा एका बाजूला जाऊन बसला. मॅडम शांत होत्या. तुटू द्या, म्हणाल्या, आजवर पोट्ट्यांनी काय कमी तोडलं. सुतळी बांधलेल्या मुलांत एका नगरसेवकाचा मुलगा होता. दुसऱ्या दिवशी वडील प्राचार्यांच्या केबिनमध्ये. मॅडमनी जाताना सुतळी बरोबर नेली आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. तुमच्या घरी मुलीचे हात किती वर्षं बांधलेले आहेत, ते आधी मोजा आणि मग माझ्याशी बोला, असं म्हणाल्या. ही गोष्ट आम्हाला शिपायानं सांगितली आणि आम्ही मुलींनी ती महिनाभर एकमेकींना सांगितली.

प्रवेशाच्या दिवसांत त्या ऑफिसच्या खिडकीशी स्टूल टाकून बसायच्या. कारण तिथला बाबू मुलींना फिजिक्स नको, होम सायन्स घ्या, असं सांगून परस्पर वळवायचा. माझा फॉर्म त्यानं पाहिला, जातीचा दाखला पाहिला आणि म्हणाला, बी.ए.ला जागा आहे, स्कॉलरशिप तिकडंबी भेटते. स्टुलावरून आवाज आला, “तिले काय पाह्यजे थे विचार ना.” मला फिजिक्स मिळालं ते त्या आवाजामुळे, हे मी नाकारत नाही. पण त्या बाबूनं मला मुलगी म्हणून वळवलं नव्हतं. माझ्या पुढची मुलगी देशमुखांची होती, तिला त्यानं खुर्ची दिली होती. मॅडमना मुलगी दिसली, दाखला दिसला नाही.

हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मलाही ते इतकं स्पष्ट दिसत नव्हतं, किंवा दिसत होतं आणि मी गप्प होते. माझे वडील रेल्वेत ट्रॅकमन होते. बडनेरा ते चांदूर या पट्ट्यातल्या रुळांची त्यांना खडानखडा माहिती. उन्हाळ्यात रूळ लांबतो म्हणून सांध्यात फट ठेवतात, हे मला पुस्तकाच्या आधी त्यांनी सांगितलं होतं. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली माझी पुस्तकं असायची आणि फिजिक्स शिकणारी घरातली काय, आमच्या वस्तीतली मी पहिली. इतकं सगळं पाठीवर असलं की माणूस बारीकसारीक गोष्टी मनावर घेत नाही. घेतल्या तर पुढे जाता येत नाही.

मॅडमचं घर महानुभाव पंथातलं. त्यांची आई दरवर्षी रिद्धपूरला जायची. मॅडम स्वतः काही मानत नसत, पण एकदा कुठल्याशा बोलण्यात म्हणाल्या होत्या, की आमच्या घरी सात-आठशे वर्षांपासून जात नाही. त्या मनापासून म्हणाल्या होत्या. प्रयोगशाळेत तर नाहीच नाही, म्हणाल्या, इथे एक तर रीडिंग बरोबर असते नाहीतर चूक. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मॅडमची आणखी एक सवय सांगायची राहिली. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक येतात, ते तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा घेतात आणि आपल्या कॉलेजचा परीक्षक शेजारी बसतो. मॅडम शेजारी बसून प्रत्येक विद्यार्थ्याला विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहायच्या. दोनशे पानी वही, वर वर्ष, डावीकडे सीट नंबर, उजवीकडे प्रश्न. पुढच्या वर्षीच्या मुलांची तयारी करून घ्यायला. बाहेरच्या परीक्षकानं शिंकून ‘हे राम’ म्हटलं तरी मॅडम लिहून ठेवतील, असं आम्ही म्हणायचो.

शेवटच्या वर्षी मला स्पेक्ट्रोमीटर आला. अंधाऱ्या खोलीत सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड, त्यात प्रिझम ठेवायचा, दुर्बीण फिरवत न्यायची आणि किरण ज्या जागी थांबून मागे फिरतो ती जागा पकडायची. ती जागा हाताला कळावी लागते. मला कळत होती. वर्षभर त्या उपकरणाशी इतकी झटले होते की त्याचा कोणता स्क्रू किती ढिला आहे ते मला पाठ होतं. परीक्षेत माझं उत्तर जवळजवळ अचूक आलं. मॅडमनी वहीवर नजर टाकली आणि “मंग?” म्हणाल्या.

बाहेरून आलेले सर अत्यंत सभ्य होते. हे मुद्दाम सांगते. आवाज चढवणं नाही, कोणाला घालूनपाडून बोलणं नाही. माझ्या आधी एक मुलगा होता, त्याचाही प्रयोग तोच. त्याला त्यांनी विचारलं, प्रिझम काढून घेतला तर दुर्बिणीत काय दिसेल. फट रुंद केली तर काय होईल. सोडियमऐवजी पाऱ्याचा दिवा लावला तर. तो अडखळला, की सर त्याला हात धरून पुढे न्यायचे. मी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होते आणि मनात उत्तरं देत होते. मला सगळी येत होती.

माझी पाळी आली. सरांनी पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. मग गाव. मग वडील काय करतात. मग हॉस्टेल कोणतं, समाजकल्याणचं का. हो म्हटल्यावर ते “अच्छा, अच्छा” म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर होतो तसा. म्हणाले, न्यूटनचा पहिला नियम सांग. मी सांगितला. प्रकाशाचा वेग सांग. सांगितला. छान, म्हणाले, जा.

मी उठले नाही. मला वाटलं, आता प्रयोगाचं विचारतील. ते पुन्हा म्हणाले, जा बेटा, झालं तुझं.

निकालात माझे प्रॅक्टिकलचे मार्क वर्गात जवळजवळ शेवटचे होते. लेखी परीक्षेत मी दुसरी होते. तेवढ्या मार्कांनी विद्यापीठातल्या एम.एस्सी.ची यादी हुकली. पहिली हुकली, दुसरी हुकली. तिसऱ्या यादीच्या वेळी वडील रजा टाकून माझ्याबरोबर आले होते. बोर्डासमोर उभं राहून त्यांनी खालून वर, वरून खाली दोनदा नावं वाचली आणि चहा घेऊ म्हणाले. पुढचं अख्खं वर्ष मी चांदूरला घरी बसून नववी-दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या.

पण त्याआधी, निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, मी मॅडमकडे गेले होते. त्या प्रयोगशाळेत एकट्याच होत्या, कसलासा प्लग उघडून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. नाव, गाव, वडील, हॉस्टेल आणि न्यूटनचा पहिला नियम. त्यांनी प्लगवरून डोळे न काढता ऐकलं.

“सोपे प्रश्न विचारले अन् तुले राग आला?” त्या म्हणाल्या. “अव बाई, त्यानं तुले मदत केली.”

“मॅडम, सोप्या प्रश्नाले मोठे मार्क नसतात.”

“मंग तो म्हने का हिले मूलभूतच येते. मले वाटलं तू घाबरली असशीन.”

“तुमी बाजूलेच बसल्या होत्या. मी घाबरली होती का?”

“मी लिहून राहिली होती,” मॅडम म्हणाल्या. आणि मग, जशा एखाद्या मुलानं आणलेल्या रीडिंगवर बोलायच्या तसं बोलल्या: “एकाच रीडिंगवरून काई सिद्ध होत नाई. पुरावा काय आहे तुह्यापाशी?”

मी तिथून निघाले. राजकमल चौकापर्यंत चालत आले, हॉस्टेल मागे राहिलं तरी कळलं नाही. ज्या बाईनं मला उपकरणाला हात लावायला शिकवलं, ती बाई माझ्याजवळ दोन हातांवर बसून सगळं ऐकत होती, लिहीत होती, आणि मलाच पुरावा मागत होती. त्या सभ्य सरांचा मला इतका राग आला नाही. त्यांच्याकडून मला काही अपेक्षाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी हॉस्टेलच्या रखवालदारीण बाई सांगत आल्या, की कोणी मॅडम आल्या आहेत. व्हरांड्यातल्या बाकावर मॅडम बसल्या होत्या, शेजारी कापडी पिशवी. पिशवीत त्यांच्या वह्या होत्या, अकरा वर्षांच्या अकरा. दोन दिवस त्यांनी घरी बसून कॉलेजच्या हजेरीपटावरून आणि मार्कांच्या याद्यांवरून प्रत्येक सीट नंबरापुढे पेन्सिलीनं नाव आणि मार्क लिहिले होते. नाव म्हणजे आडनाव आलंच.

त्यांनी एकेक वही उघडून मला दाखवली. ओळींवरून बोट फिरवत गेल्या. परीक्षक दरवर्षी निराळे. काही वर्षी काहीच दिसत नव्हतं, सगळ्यांना सारखे प्रश्न होते. पण बहुतेक वर्षी एका प्रकारच्या आडनावांपुढे प्रयोगाचे प्रश्न आणि दुसऱ्या प्रकारच्या आडनावांपुढे: गाव कोणते. वडील काय करतात. सवलत आहे का. एकक म्हणजे काय. व्याख्या सांग. एका मुलाला विचारलं होतं, घरी वीज आहे का. तेही मॅडमनी जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं, पुढच्या वर्षीच्या मुलांची तयारी व्हावी म्हणून.

“हे माह्यं अक्षर आहे,” मॅडम म्हणाल्या. “अकरा वर्सं मी हे लिवलं अन् एकदाबी वाचलं नाई.”

त्यांना वाटलं असावं, मला बरं वाटेल. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, तेही एका रीडिंगवर नाही, ढिगानं. पण मला बरं वाटलं नाही. मी म्हटलं, तुम्हाला अकरा वह्या लागल्या. मी सांगितलं तेवढं पुरलं नाही.

“फिजिक्समधी कोनाच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवत नाई,” त्या म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

“मंग त्या सरच्या शब्दावर कसा ठेवला? थो म्हने हिले मूलभूतच येते, अन् तुमी सही केली. मार्काच्या कागदावर दोन सह्या असतात, मॅडम. दुसरी तुमची आहे.”

हॉस्टेलच्या मुली येता-जाता बघत होत्या. मॅडमनी एकेक वही मिटून पिशवीत भरली आणि उठल्या. माफी मागितली नाही. स्कूटी सुरू करताना इतकंच म्हणाल्या, “तू काई लिहून देऊ नको. माह्या वह्या, माही सही. मी पाह्यतो.” चिडल्या की त्या कधीकधी पुरुषासारखं बोलायच्या.

नंतरचं काही मी पाहिलं, काही मागच्या वर्गातल्या मुलींकडून ऐकलं. मॅडम वह्या घेऊन प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य म्हणाले, चांगल्या परीक्षकांचं नाव कशाला खराब करता. मॅडमनी लेखी अर्ज दिला, त्याच्या प्रती वरपर्यंत पाठवल्या. शेवटी तीन जणांची समिती बसली. मला चांदूरहून बोलावलं. तिघांपैकी एकानं विचारलं, तुला कठीण प्रश्न विचारून त्रास दिला का. मी नाही म्हटलं. मग सोपे विचारले? हो. त्यावर तो बाकी दोघांकडे बघून हसला आणि तेही हसले. ते हसू मला आजही ऐकू येतं. मग सोप्या प्रश्नांची तक्रार कशी करतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघतो आहे, असं तो म्हणाला. मी सांगायचा प्रयत्न केला, की ज्याच्याकडून आपण काही अपेक्षाच ठेवत नाही त्यालाच माणूस सोपं विचारतो. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. लिहून घ्यायची सवय फक्त मॅडमना होती.

अहवाल आला तो चार ओळींचा. नोंदी खाजगी स्वरूपाच्या असल्याने ग्राह्य धरता येत नाहीत. माझे मार्क तेच राहिले.

पुढच्या परीक्षेला मॅडमनी नवीनच काढलं. प्रत्येक प्रयोगाच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या करून बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. विद्यार्थ्यानं आत यायचं, नंबर सांगायचा, नाव नाही, आणि स्वतःच्या हातानं चिठ्ठ्या उचलायच्या. बाहेरून आलेल्या सरांनी डबा पाहिला आणि हा माझा अपमान आहे म्हणाले. मॅडम म्हणाल्या, अपमान नसेल तर चिठ्ठीतला प्रश्न विचारा. सर चहाही न घेता निघून गेले. त्या दिवशीची परीक्षा रद्द झाली, मुलांना आठ दिवसांनी पुन्हा द्यावी लागली, आणि त्यातले कित्येक जण, आमच्या वस्तीतले दोघे धरून, मॅडमवरच चिडले. महिन्याभरात मॅडमची बदली झाली. आमच्या संस्थेची कॉलेजं अख्ख्या वऱ्हाडात आहेत. सीनियरच्या बाईंना अकोल्याच्या ज्युनियरला टाकलं, ‘अनुभवी मार्गदर्शनाची गरज’ म्हणून. तिथल्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत खेळाच्या चटया आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात चटया मैदानात नेऊन टाकल्या, असं कळलं. मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

मी पुढच्या वर्षी एम.एस्सी.ला लागले, नेट झाले, आणि आज अकोल्यातच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. कायम जागा निघतात आणि निघता निघता राहतात. स्टाफरूममध्ये अजून मला विचारतात, कॅटेगरीतून का? मी हो म्हणते आणि विचारते, तुम्ही कोणत्या? तेव्हा लोक खिडकीतून बाहेर बघतात.

पहिली दोन वर्षं मी बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीनं जायचे. मॅडमही त्याच गाडीनं जायच्या. मी त्यांना प्लॅटफॉर्मवर बघायचे, पांढरे बूट लांबूनच ओळखू यायचे, आणि मी मागच्या डब्यात चढायचे. त्यांनीही मला पाहिलं असणार. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे, जे सुटलं ते सोडून. एकदा मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा त्या उतरून माझ्या डब्यात आल्या आणि समोर बसल्या. शेंगांची पुडी पुढे केली. मी घेतली नाही. त्यांनी आपल्या ज्युनियरच्या मुलींबद्दल सांगितलं. बाराजणी आहेत, नऊ जणींना दिव्याचं होल्डर बसवता येतं. मग एकदम म्हणाल्या, आता मी आधी आडनाव वाचते आणि मग प्रश्न. कोणाला काय विचारलं जातं ते बघायला आडनाव वाचावंच लागतं. जात नाही म्हणून डोळे मिटून घेतले, तर ज्यांना दिसते त्यांचं फावतं.

हे मला अठराव्या वर्षी माहीत होतं. तुम्हाला पन्नाशीत कळलं, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. गाडी सुटली आणि आम्ही दोघी अकोल्यापर्यंत समोरासमोर बसून गेलो.

मागच्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाचं आमंत्रण मला त्यांच्या एका विद्यार्थिनीनं दिलं. जावं की नाही, हे मी शेवटपर्यंत ठरवलं नव्हतं. गेले. संस्थेचे सचिव आले होते, अमरावतीहून आमचे जुने प्राचार्यही आले होते. शाल, श्रीफळ, एक भलंमोठं घड्याळ. सचिव म्हणाले, मॅडम शिस्तप्रिय होत्या. प्राचार्य म्हणाले, मॅडमनी मुलींसाठी आयुष्य वेचलं. कोणीही वह्यांबद्दल बोललं नाही. बदलीबद्दल तर नाहीच. माझ्या मागे बसलेला माणूस जेवणात काय आहे ते शेजारच्याला सांगत होता.

मग मॅडमना बोलायला उभं केलं. त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या. चष्मा लावला, पहिली उघडली आणि वाचायला लागल्या. प्रस्तावना नाही, आभार नाहीत. वर्ष. मग सीट नंबर. मग विचारलेला प्रश्न. मग मिळालेले मार्क. नाव एकही नाही. वर्गात रीडिंग वाचून दाखवायच्या त्याच सपाट आवाजात वाचत होत्या. सीट नंबर अमुक, प्रश्न: वडील काय करतात. सीट नंबर अमुक, प्रश्न: घरी वीज आहे का. तिसऱ्या पानाला सभागृहात चुळबुळ सुरू झाली. सचिवांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य उठून मॅडमच्या कानाशी काही बोलले. मॅडमनी पान उलटलं. माईक बंद झाला, बंद केला म्हणू या. मॅडमना माईकची गरज कधीच नव्हती.

पाहुणे उठले. त्यांच्या मागे स्टाफ उठला. कोणीतरी मोठ्यानं जाहीर केलं, की जेवणाची व्यवस्था मागच्या बाजूला आहे. अर्ध्या तासात खुर्च्या रिकाम्या झाल्या. ज्युनियरच्या मुली तेवढ्या एका रांगेत बसून राहिल्या होत्या, काय चाललंय ते अर्धंमुर्धं समजून. मी मागून उठून पहिल्या रांगेत येऊन बसले.

अकराव्या वहीपर्यंत बाहेर अंधार पडला होता आणि त्यांचा आवाज बसला होता. माझं वर्ष आलं. माझ्या आधीचा मुलगा आला, त्याचे प्रिझमचे प्रश्न आले. मग माझा नंबर. पूर्ण नाव. गाव. वडील काय करतात. हॉस्टेल समाजकल्याणचे का. न्यूटनचा पहिला नियम. प्रकाशाचा वेग. मार्क. आणि मग मॅडमनी वहीत नसलेलं एक वाक्य म्हटलं: “मार्कलिस्टवर दोन सह्या. दुसरी माही.”

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. चांदूरच्या घरात बसून काढलेलं ते वर्ष आठवलं आणि बोर्डासमोर उभे असलेले वडील आठवले. ते आता नाहीत. तीन वर्षांपूर्वी गेले. हे ऐकायला ते हवे होते, मी नसते तरी चाललं असतं.

“लय उशीर केला तुमी, मॅडम,” मी बसल्या जागेवरून म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“हो,” त्या म्हणाल्या. आणि माझ्या पुढचा नंबर वाचायला लागल्या.